कॉलेज रेडिओची मैफल: तारीख ठरवण्यापासून पोस्टर जपून ठेवण्यापर्यंत

कॉलेज रेडिओतर्फे मैफल करायची ठरली की पहिल्याच बैठकीत दोन गट पडतात. एक साउंडच्या मागे लागतो, दुसरा ‘पोस्टर आम्ही बघतो’ म्हणून वेगळा बसतो. दोघांची गाठ पडते ती थेट कार्यक्रमाच्या दिवशी. मग पोस्टरवर गिटार आणि मंचावर सतार, पोस्टरवर सहाची वेळ आणि साउंडवाल्याला सांगितलेली सातची, असे घोळ होतात. हा लेख सांगली-मिरजेकडच्या कॉलेजांतल्या मुलामुलींसाठी आहे. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आग्रह धरला आहे: पोस्टर करणाऱ्यानं तालमीला बसायचं आणि साउंड सांभाळणाऱ्यानं पोस्टरचं प्रूफ, म्हणजे छपाईआधीची तपासायची प्रत, वाचायची.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९७२ साली विद्यार्थ्यांनी केसीएमयू नावाचं लहानसं रेडिओ केंद्र सुरू केलं. सिएटलचं आजचं केईएक्सपी ते हेच. आज ते जगभर ओळखलं जातं ते स्टुडिओत प्रत्यक्ष वाजवून घेतलेल्या मैफलींमुळे. आपल्या गावातल्या वादकांना समोर बसवून नीट ध्वनिमुद्रित करायचं, हे काम मोठ्या केंद्रांपेक्षा कॉलेजचं केंद्र जास्त मनापासून करू शकतं. आणि मिरज हाकेच्या अंतरावर असताना सांगलीच्या कॉलेजांनी ते केलंच पाहिजे.

आधी आपलं केंद्र कोणत्या प्रकारचं आहे ते बघा

‘आमचा रेडिओ आहे’ असं म्हणणाऱ्या कॉलेजांत प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी चालतात. पहिली म्हणजे परवाना असलेलं सामुदायिक रेडिओ केंद्र. केंद्र सरकारनं २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना अशी केंद्रं चालवायची वाट मोकळी केली. २००४ मध्ये चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं आणि २००६ च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं. अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती साधारण १०० वॅटपर्यंत असते, म्हणजे आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या परिसरात पोचतो. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेला असावा, अशी अपेक्षा असते. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, जत तालुक्यातलं येरळावाणी ही याच जातकुळीतली केंद्रं. म्हसवडला किंवा जतला एक दिवस जाऊन काम बघून या, पुस्तकी माहितीपेक्षा जास्त मिळेल.

दुसरा प्रकार इंटरनेटवरून वाहणारा रेडिओ, आणि तिसरा कॉलेजच्या आवारातल्या स्पीकरवर मधल्या सुट्टीत चालणारा. या दोन्हींसाठी प्रक्षेपणाचा परवाना लागत नाही. पण ऑनलाइन मिळणारा छोटा एफएम ट्रान्समीटर आणून गच्चीवर लावायचा विचारही करू नका. परवान्याशिवाय असं प्रक्षेपण करणं गुन्हा आहे.

हे आधी ठरवायचं कारण असं की पुढची प्रत्येक गोष्ट यावर अवलंबून आहे. कलाकाराकडून कशाची संमती घ्यायची, पोस्टरवर ‘९०.४’ सारखा आकडा टाकायचा की क्यूआर कोड, मैफल थेट सोडायची की मुद्रित करून नंतर, हे सगळं इथं ठरतं.

तारीख

सहा आठवडे हातात ठेवा. त्याहून कमी वेळात कार्यक्रम होतो, पण पोस्टरचा बळी जातो.

शिवाजी विद्यापीठाच्या सत्र परीक्षा आणि युवा महोत्सव यांच्या तारखा आधी कॅलेंडरवर टाका. गणपतीच्या पंधरवड्यात साउंडवाला, मंडपवाला आणि चांगला ढोलकीवाला यांपैकी कुणीच रिकामं नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पाण्याकडे डोळे लागलेले असतात. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको. डिसेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम. हवा कोरडी असते, वाद्यं स्वरात टिकतात आणि गॅदरिंगच्या निमित्तानं मुलं कॉलेजात असतात. फक्त आपला दिवस गॅदरिंगच्या आठवड्यात ठेवू नका, नाहीतर हॉल, साउंड आणि माणसं तिन्हींची ओढाताण होते.

वेळ संध्याकाळी साडेपाचची ठेवा, म्हणजे तासगाव, कवठेमहांकाळ, इस्लामपूरकडून येणाऱ्यांना परतीची एसटी मिळते.

कलाकार कुठून आणायचे

बाहेरचं मोठं नाव आणण्यात पैसा जातो आणि शिकायला काही मिळत नाही. आजूबाजूला बघा. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेल्यावर त्यांना तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात संगीत सभा होते. त्या सभेत रात्र काढलेले वादक, तंबोरा लावून देणारे कारागीर, शिकवण्या घेणारे गुरुजी आजही मिरजेत आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुसऱ्या अंगाला पठ्ठे बापूरावांचा वाळवा तालुका आहे, तिथं शाहिरी आणि ढोलकीची परंपरा आहे. गावोगावची भजनी मंडळं आहेत, हलगीवाले आहेत. आणि आपल्याच वर्गात स्वतःची गाणी लिहिणारी, रॅप करणारी मुलं बसलेली आहेत.

एका संध्याकाळसाठी तीनच सादरीकरणं घ्या, आणि त्यात एक विद्यार्थ्यांचं असू द्या. प्रत्येकाला पंचवीस ते तीस मिनिटं. माझा आग्रह असा की मैफलीआधी दहा मिनिटं वाद्य बनवणाऱ्या कारागिराशी गप्पा ठेवाव्यात. जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून तारेला दिलेली झणकार, नेमकी कशी येते, तारेखाली सुताचा दोरा सरकवला की आवाज कसा उघडतो, हे त्यांनी तंबोऱ्यावर करून दाखवलं की रेडिओवर ते अतिशय सुंदर ऐकू येतं. आधी मिटलेला स्वर, मग दोरा जागेवर आल्यावर गुंजायला लागलेला. ऐकणाऱ्याला चित्राची गरजच पडत नाही.

मानधन आधी बोलून घ्या आणि ते त्याच दिवशी पाकिटात द्या. ‘प्रसिद्धी मिळेल’ हे मानधन नव्हे. बजेट कमी असेल तर कलाकार कमी करा. प्रवासखर्च आणि चहा-नाश्ता वेगळा धरा. गुरुजींना मोटारसायकलवर मागे बसवून, मांडीवर सतार घेऊन आणायचं नसतं.

हक्क आणि संमती

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण याच्याशिवाय पुढचं सगळं अडतं.

गायक-वादकाचा स्वतःच्या सादरीकरणावर हक्क असतो. त्याच्या संमतीशिवाय ते मुद्रित करता येत नाही आणि प्रसारितही करता येत नाही. म्हणून मराठीत एक पानी संमतीपत्र करा. त्यात कार्यक्रमाची तारीख, काय सादर होणार, थेट प्रसारण चालेल का, पुन्हा किती वेळा लावता येईल, यूट्यूबवर टाकता येईल का, फोटो पोस्टरवर वापरता येईल का, या प्रत्येकापुढे हो-नाहीची वेगळी चौकट ठेवा. एकाच सहीत सगळं घेऊ नका. थेट प्रसारणाला आनंदानं हो म्हणणारे पुष्कळ कलाकार यूट्यूबला नाही म्हणतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

आता रचनेचा हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीत आणि संगीत यांवरचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. इथं अभंगांच्या बाबतीत नेहमी गफलत होते. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण त्या अभंगाला गेल्या शतकात एखाद्या संगीतकारानं बांधलेली, घरोघरी पोचलेली चाल ही स्वतंत्र कृती आहे, आणि तिच्यावर हक्क असू शकतो. भजनी मंडळाला त्यांची परंपरेनं चालत आलेली चाल म्हणायला सांगा, किंवा मुलांना नवी चाल बांधू द्या. नवी चाल बांधली तर कार्यक्रमही जास्त रंगतो.

शिक्षक, विद्यार्थी, पालक एवढ्याच श्रोत्यांसमोर कॉलेजच्या उपक्रमात झालेल्या सादरीकरणाला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. ती हॉलपुरती आहे असं धरून चाला. तेच गाणं प्रक्षेपित करायचं किंवा नेटवर ठेवायचं तर वेगळी परवानगी लागते. गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रिकांसाठी पीपीएल या संस्था परवाने देतात. चित्रपटगीतं गाणारा बँड घेणार असाल तर हे काम पहिल्या आठवड्यात सुरू करा.

आवाजाचेही नियम आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि शिक्षणसंस्था, रुग्णालयं, न्यायालयं यांभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरू शकतो. कार्यक्रम अंगणात असेल तर प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन पोलीस ठाण्यात निदान पंधरा दिवस आधी जा. बंद हॉलमध्ये, लहान स्पीकरवर केलात तर ही धावपळ बरीच वाचते.

पोस्टर: आधी ऐका, मग काढा

पोस्टर करणाऱ्या मुलीनं किंवा मुलानं लॅपटॉप उघडण्याआधी दोन गोष्टी करायच्या: एका तालमीला पूर्ण वेळ बसायचं, आणि मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात एक दुपार घालवायची. वही आणि पेन्सिल बरोबर न्यायची. फोटो काढण्याआधी विचारायचं.

तिथं काय दिसतं? पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळवलेले भोपळे छताला टांगलेले असतात, आणि त्यातले दोन कधी एकसारखे नसतात. भोपळ्याची तळाकडची फुगीर रेघ, दांडीला जोडतानाचा गळा, तंबोऱ्याच्या घोडीवरून जाणाऱ्या चार तारा, त्यातली खर्जाची जाड आणि बाकीच्या बारीक. वहीची चार पानं याच गोष्टींनी भरा. पोस्टरची कल्पना तिथंच सापडते. ए-३ कागदाचा खालचा अर्धा भाग व्यापणारी भोपळ्याची एकच रेघ, हळदीचा पिवळा सपाट रंग, वर चार उभ्या काळ्या तारा, आणि त्या तारांच्या मधल्या जागेत मजकूर. एवढ्यानं काम होतं. सप्तसूर, सूर्यास्त, मोराचं पीस, गायकाचा धूसर फोटो आणि मागे चमकणारे दिवे हे सगळं एकत्र घातलं की काहीच दिसत नाही.

मजकुराचा क्रम असा ठेवा: काय आहे, कोण आहे, कधी, कुठं, आणि रेडिओवर कसं ऐकायचं. मान्यवरांची यादी पोस्टरवर नको, ती निमंत्रणपत्रिकेत टाका. प्राचार्यांना ही गोष्ट आधी जाऊन नीट समजावून सांगा. बहुतेक वेळा ते ऐकतात, कारण पत्रिकेत मान राखला जातोच.

आता अक्षरं. मोफत आणि रीतसर वापरता येणारे चांगले देवनागरी फॉन्ट आज भरपूर आहेत. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे मुक्ता, बालू, मोदक, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि खंड, शिवाय तिरो देवनागरी मराठी. शीर्षकाला एक आणि बाकी मजकुराला एक, यापलीकडे जाऊ नका. फॉन्ट निवडताना तीन अक्षरं छापून बघा: ल, श आणि ‘गाणाऱ्या’मधला ऱ्या. काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी वाचकाला ते लगेच खटकतात, भले कारण सांगता येवो न येवो. ऱ्या तर फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की हमखास मोडतो.

शब्दातल्या अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. दोन ओळींमधलं अंतर मात्र रोमन लिपीपेक्षा जास्त लागतं, अक्षराच्या उंचीच्या साधारण दीडपट. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. पिवळ्यावर पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत, काळी येतात. बारीक मजकूर फक्त शंभर टक्के काळ्यात ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा छपाईत जरासा सरकला तरी अक्षराला रंगीत कडा दिसते.

आपल्याकडच्या बऱ्याच छपाईच्या दुकानांत मांडणीसाठी कोरल आणि जुन्या पद्धतीच्या मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी चालतं. तुमचा युनिकोड (फोनवर-संगणकावर आपण नेहमी टाइप करतो तो) मजकूर तिथं पेस्ट केला की त्याची भलतीच अक्षरं होतात. म्हणून दुकानात नेताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांच्या रेषांत, बदललेली पीडीएफ न्या आणि बदल करता येणारी मूळ फाइल स्वतःकडे ठेवा. एकदा कर्व्ह केलं की शुद्धलेखनाची दुरुस्ती दुकानात होत नाही, तेव्हा प्रूफ त्याच्या आधी. प्रूफ साध्या प्रिंटरवर ए-४ कागदावर काढा, कँटीनच्या भिंतीला चिकटवा आणि तीन मीटरवरून बघा. तारीख वाचता आली नाही तर ती मोठी करा. मग ते प्रूफ साउंड सांभाळणाऱ्याकडे द्या (वेळ आणि कलाकारांचा क्रम तो पकडतो), मराठीच्या शिक्षकांकडे द्या, आणि कलाकाराला व्हॉट्सअॅपवर पाठवून नाव, उपाधी, वाद्य बरोबर आहे असं त्याच्याकडून लिहून घ्या. ‘पंडित’ लावायचं की नाही हे आपण ठरवायचं नसतं.

छपाईच्या फाइलला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा रंग सोडा, रिझोल्यूशन ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) ठेवा आणि रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, बघून घ्या. स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा कागदावर मळकट उतरतो, पिवळा-काळा बराचसा तसाच राहतो. फ्लेक्स असेल तर मूळ आकाराला ७२ ते १०० रिझोल्यूशन पुरतं. ३०० वर केलेली फाइल दुकानाच्या संगणकाला अडकवते. पण एका संध्याकाळच्या मैफलीसाठी फ्लेक्स मला मुळातच नको वाटतो. त्या पैशात ए-३ आकाराचे भरपूर कागदी पोस्टर होतात आणि ते मुलं घरी भिंतीला लावतात. कॉलेजबाहेर काही लावायचं असेल तर सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची परवानगी घ्या. झाडाला खिळा ठोकून पोस्टर लावणं तर कधीच नको.

जमलं तर वीस-पंचवीस पोस्टर स्क्रीन प्रिंटिंगनं करा. लग्नपत्रिका आणि पिशव्या छापणारे कारागीर आपल्याकडे अजून आहेत. दोन रंग म्हणजे दोन स्क्रीन, आणि वर सांगितलेलं पिवळं-काळं पोस्टर त्यासाठीच जन्माला आलंय. कारागिराच्या हाताखाली एक दिवस उभं राहून शाई ओढून बघितली की रंग म्हणजे काय ते कळतं. कार्यक्रमानंतर हीच पोस्टर कलाकारांच्या सह्या घेऊन विकली तर पुढच्या मैफलीच्या मानधनाला हातभार लागतो.

फोनसाठी तोच पोस्टर लहान करून टाकू नका. १०८० बाय १३५० आणि स्टेटससाठी १०८० बाय १९२० अशी दोन वेगळी मांडणी करा, आणि त्यात नाव, दिवस, वेळ एवढंच ठेवा. व्हॉट्सअॅपवर मूळ प्रतिमा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं फुटतात. आणि आपण रेडिओ आहोत हे विसरू नका. तीस सेकंदांची, साठेक शब्दांची जाहिरात तालमीतल्या आवाजावर करा. पोस्टरवरचं शीर्षक आणि जाहिरातीतलं पहिलं वाक्य एकच असू द्या, म्हणजे भिंतीवर वाचलेलं आणि कानावर पडलेलं एकच आहे हे ऐकणाऱ्याला कळतं.

साउंड: हॉलचा वेगळा, रेडिओचा वेगळा

हॉलमध्ये बसलेल्याला हलगी तशीही ऐकू येते, तिला माइकची गरज नसते. रेडिओच्या श्रोत्याला मात्र माइकमध्ये न आलेलं काहीच ऐकू येत नाही. म्हणून हॉलच्या स्पीकरला जाणारा आवाज तसाच्या तसा प्रसारणाला लावला की गायक कानात ओरडतो आणि तालवाद्य दूर कुठंतरी वाजतं. मिक्सरवरच्या ऑक्स सेंडमधून (आवाज वेगळ्या प्रमाणात बाहेर काढायची जादा वाट) रेडिओसाठी वेगळं मिश्रण काढा. ते ऐकणारा माणूस हॉलबाहेरच्या खोलीत, बंद हेडफोन लावून बसलेला हवा. शक्य असेल तर प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित करा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि सगळ्यात मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही इतका गेन (माइकचा आवाज उचलायची पातळी).

खोली निवडताना टाळी वाजवून बघा. टाळी घुमत राहिली तर खाली सतरंज्या, भिंतीला जाड पडदे, मागच्या बाजूला गाद्या. मंगल कार्यालयातून या गोष्टी भाड्यानं मिळतात. पंखे बंद ठेवायचे म्हणूनही डिसेंबर-जानेवारी बरा.

गायनाला साधा डायनॅमिक माइक, तोंडापासून चार बोटांवर. सतारीला कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा माइक, घोडीच्या जरा पुढे, साधारण फूटभर अंतरावर. त्याला मिक्सरवरून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो, तो देताना आणि बंद करताना तो चॅनल म्यूट करा. तबल्याला दोन माइक मिळाले तर उत्तम, एकच असेल तर दायाँ-बायाँच्या मध्ये, वरून वीतभर. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला नको, हवेचा फसफसाट येतो. हलगीला जवळ माइक लावूच नका, दीड मीटरवर एक पुरे. दोन माइकमधलं अंतर हे प्रत्येक माइक आणि त्याचं वाद्य यांमधल्या अंतराच्या निदान तिप्पट असावं, तरच एकाचा आवाज दुसऱ्यात घुसून पोकळ होत नाही. तंबोरा सगळ्यात हळू वाजतो, म्हणून त्याला तबल्यापासून लांब, गायकाच्या मागे बसवा आणि त्याचा माइक रेडिओच्या मिश्रणात थोडा वर ठेवा. श्रोत्याला दिसत नसलेली खोली तोच भरून काढतो.

याशिवाय प्रेक्षकांच्या दिशेनं एक माइक हवाच. ‘वाह’ आणि टाळ्या आल्या नाहीत तर मैफल मेल्यासारखी ऐकू येते.

हम्म असा घुमणारा आवाज आला तर बहुतेक वेळा वीज दोन ठिकाणाहून घेतलेली असते. सगळा साउंड एका फेजवर, एकाच बोर्डवरून, आणि लाइट वेगळ्या फेजवर. मिक्सर, लॅपटॉप आणि रेकॉर्डर यूपीएसवर. वीज गेली तर हॉल शांत होईल, पण मुद्रण तुटणार नाही, आणि सतारीची मैफल माइकशिवायही पुढे चालू शकते. शिवाय मंचासमोर एक स्वतंत्र रेकॉर्डर, निदान विमान मोडवर ठेवलेला फोन, सुरुवातीपासून चालू राहू द्या.

कार्यक्रमाचा दिवस

दुपारी दोनला वायरिंग पूर्ण, तीनला साउंड चेक. चेक उलट्या क्रमानं घ्या: शेवटी सादर करणारे आधी, पहिले सादर करणारे शेवटी. म्हणजे पडदा उघडताना मिक्सरवरची मांडणी पहिल्यांचीच असते. प्रत्येक मांडणीचा फोटो काढून ठेवा. साडेचारला खोली रिकामी करून अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करा, संपादनात जोडकाम करताना ती लागते.

निवेदकानं लक्षात ठेवायचं की त्याचा मुख्य श्रोता समोर बसलेला नाही. ‘आपण पाहतच आहात’ हे वाक्य वर्ज्य. कोण कुठं बसलंय, हातात काय आहे, तबलजी हातोडीनं गट्ट्यांवर ठोके देत तबला स्वरात लावतोय, हे सांगायचं. सतार लावायला पाच मिनिटं लागली तर ती भाषणानं भरून काढू नका. एक वाक्य सांगा आणि गप्प बसा. वाद्य लावण्याचा आवाज हाही कार्यक्रमाचा भाग आहे. दर पंधरा मिनिटांनी केंद्राचं नाव आणि कलाकारांची नावं, कारण कुणीतरी आत्ताच रेडिओ लावलेला असतो. सत्कार, नारळ, शाल हे सगळं प्रसारणाच्या आधी किंवा नंतर.

पोस्टर करणाऱ्याला त्या दिवशी रिकामं ठेवा. दारात मुलं काय वाचून थांबतात, कुणी खोलीचा नंबर विचारतंय का, क्यूआर कोड स्कॅन होतोय का, हे त्यानंच उभं राहून बघायचं आणि लिहून ठेवायचं.

दुसऱ्या दिवसापासून

सगळ्या फाइलींच्या तीन प्रती करा, त्यातली एक कॉलेजबाहेर ठेवा. फाइलच्या नावात तारीख, कलाकार, राग किंवा गाण्याचे पहिले शब्द आले पाहिजेत. ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ अशी नावं नकोत. संपादनात खोकला, माइकचा धक्का, लांबलेलं सूत्रसंचालन काढा. वाद्य लावणं आणि टाळ्या ठेवा. कलाकाराला त्याच्या सादरीकरणाची पूर्ण प्रत आठवड्याच्या आत पोचवा, आणि बरोबर पोस्टरची एक छापील प्रतही द्या. मिरजेतल्या कितीतरी दुकानांत आणि शिकवणीच्या खोल्यांत भिंतीवर जुन्या कार्यक्रमांची पोस्टर चौकटीत लावलेली असतात. तुमचं पोस्टर तिथं लागण्याजोगं असायला हवं.

पुनर्प्रसारणाची तारीख आणि वेळ कलाकाराला आधी फोन करून सांगा, त्याच्या घरचे आणि शिष्य त्या वेळी रेडिओ लावून बसतात.

कॉलेजच्या केंद्राची खरी अडचण ही की माणसं दर जूनला बदलतात. म्हणून प्रत्येक मैफलीचं एक पाकीट करा. त्यात संमतीपत्रांच्या मूळ प्रती, माइकच्या मांडणीचे फोटो, पोस्टरची बदल करता येणारी फाइल फॉन्टसकट, तालमीत काढलेल्या वहीच्या पानांचे स्कॅन, दुकानांची बिलं, कुणाला किती मानधन दिलं त्याची नोंद आणि दारात उभं राहून लिहिलेलं ते टिपण ठेवा. हे पाकीट आणि हार्ड डिस्कचा पासवर्ड ग्रंथपालांच्या ताब्यात द्या, रीतसर पोच घेऊन. नव्या मुलांनी जुलैत पहिली बैठक त्या पाकिटातले कागद टेबलावर मांडूनच घ्यावी, आणि त्या टेबलाशी साउंडची मुलं आणि पोस्टरची मुलं शेजारी शेजारी बसलेली असावीत.